‘प्रेरणा’ आणि ‘उमेद’ : विद्यार्थिजीवनाच्या परिभाषेची एक चिकित्सा

विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न अध्यापकांच्या खाजगी सद्भावनेवर सोपवून भागणार नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणसंस्थांत समुपदेशनाच्या व्यवस्थेची अपेक्षा व्यक्त केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या व मानसिक स्वास्थ्य या विषयासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. तथापि या विषयावरील मराठी परिपत्रके व प्रश्नावल्या ज्या परिभाषेत लिहिल्या जातात, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. शिरूर व दौंड या तालुक्यांतील विद्यार्थ्यांची बोली कानांवर ठेवून त्या परिभाषेची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परिभाषेतील मध्यवर्ती शब्द ‘प्रेरणा’ हा होय. ‘ईर्’ या संस्कृत धातूस ‘प्र’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध होतो, आणि पुढे लोटणे, चालना देणे हा त्याचा मूलार्थ आहे. म्हणजे प्रेरणा म्हटली की प्रेरक आलाच. परंतु ‘प्रेरणेचा अभाव’ असे नाम योजताच हा प्रेरक वाक्यातून नाहीसा होतो, आणि उणीव तेवढी विद्यार्थ्याच्या नावे जमा होते. ज्याने चालना द्यावयाची तो निर्दोष, आणि ज्याला ती मिळाली नाही तो सदोष, असा हा विपरीत न्याय आहे.

बोलीत याच स्थितीसाठी ‘उमेद’ हा शब्द आहे. तो मूळचा फारसी, अर्थ आशा. उमेद येते, धरता येते, खचते. व्यवसायशिक्षणाशी तर या शब्दाचे नाते फार जुने आहे. नोकरी मिळेल या आशेवर कचेरीत किंवा कारखान्यात काम शिकत राहणे म्हणजे ‘उमेदवारी’. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकणाऱ्या तरुणास आपण आजही ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतो. रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रात फिटर वा वेल्डर म्हणून राबणारा मुलगा या अर्थाने उमेदीवरच उभा असतो. उमेदवारी संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर जर कोणी देत नसेल, तर तिच्यातील ‘उमेद’ गळून पडते आणि मागे नुसती स्वस्त मजुरी उरते. अशा मुलाला प्रेरणेवरील व्याख्यान ऐकविणे हा उपाय म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा क्रियापदांचा. मराठीत ‘मी वाचत नाही’ आणि ‘मला वाचवत नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यात कर्ता प्रथमेत असून नकार त्याच्या कृतीचा आहे. दुसऱ्यात शक्य क्रियापद आहे. ‘ला’ लागलेला कर्ता क्रियेचा स्वामी राहत नाही आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते. येथे इच्छेचा नकार नसून सामर्थ्याचा क्षय सांगितलेला असतो. ‘मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘धीर सुटला’ हे प्रयोगही याच जातीचे. यांत मन हे बिघडलेले यंत्र नसते. मन आणि काम यांची गाठ सुटलेली असते. म्हणून ती मनाच्या बाजूने तपासावी तशीच कामाच्या बाजूनेही तपासली पाहिजे.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने काय घडते, याचा दाखला प्रस्तुत लेखकास दुर्दैवाने स्वतःच्याच आचरणातून द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातील एक विद्यार्थी वर्गात सतत मागे पडू लागला. विचारता तो एवढेच म्हणाला, “सर, आता वाचवत नाही.” प्रगतिपत्रकावर प्रस्तुत लेखकाने शेरा लिहिला : ‘अभ्यासात रस नाही.’ तो रात्रपाळी करून सकाळी तासाला येत होता, हे त्याने महाविद्यालय सोडल्यानंतर कळले. शक्य क्रियापद वर्गात शिकविणाऱ्यानेच ते विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकले नाही.

याच परिसरात या प्रश्नाचा एक जुना व मोठा प्रयोग झालेला आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापिले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व स्त्रियांसाठी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे, म्हणजे आजच्या दौंड तालुक्यात, ‘मुक्ती’ उभे राहिले. तेथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी अन्न व निवारा, मग अक्षरओळख, आणि तिच्या जोडीला विणकाम, शिवणकाम, शेती, छपाई असे व्यवसाय. रमाबाईंनी बायबलचे हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून, जुळविले व छापले गेले. भाषाभ्यासकास यातील मर्म असे दिसते की, ज्या सामान्य स्त्रीला वाचता यावे म्हणून भाषा सोपी केली, तीच स्त्री खिळे जुळवीत होती. शिक्षण, व्यवसाय आणि भाषा यांची अशी गाठ पडल्यावर उमेद निराळी शिकवावी लागत नाही.

या प्रयोगाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. ती एक धर्मसंस्था होती आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंच्या कार्याभोवती तीव्र वाद झाले. दुष्काळातून वाचलेल्या मुलीस निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हाही प्रश्न उरतो. आजच्या महाविद्यालयाने मुक्तीचे अनुकरण करावे असे सुचवावयाचे नाही. क्रम तेवढा घ्यावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ या विचारामागेही हाच क्रम होता : आधी जेवणाची सोय, मग उपदेश.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने रात्रपाळी टळत नाही की एस. टी. वेळेवर येत नाही. हे खरे आहे. परंतु चौकशी कोठून सुरू व्हावयाची हे शब्दच ठरवितात. ‘तुमची प्रेरणापातळी किती?’ या प्रश्नाला विद्यार्थी एक आकडा देतो. ‘काय करवत नाही? केव्हापासून?’ या प्रश्नाला तो रात्रपाळी, थकलेले शुल्क, घरचे आजारपण यांपैकी काही तरी सांगतो. त्यातील काही अडचणी वेळापत्रक बदलून वा विद्यावेतनाचा पाठपुरावा करून विभागालाच दूर करता येतात. आणि जेव्हा वाचवत नाही याच्या जोडीला झोपवत नाही, जेववत नाही असेही ऐकू येईल, तेव्हा अध्यापकाने स्वतः वैद्य न बनता त्या मुलाला विनाविलंब तज्ज्ञाकडे न्यावे.

तात्पर्य, प्रश्नावल्या तयार करणाऱ्यांनी इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देऊन थांबू नये. दौंडच्या फलाटावर आणि शिरूरच्या बसस्थानकावर मुले आपली अवस्था कोणत्या क्रियापदांत सांगतात, ते आधी टिपून घ्यावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी हा विषय जवळचा आहे. वर उल्लेखिलेला शेरा मात्र आता खोडता येणार नाही.