कोलकात्यातील दोन ग्रंथ : पंडिता रमाबाईंचे शुभवर्तमान-वाचन आणि शिष्यत्वाची मराठी

1878 साली श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई ही डोंगरे भावंडे कोलकात्यात पोहोचली. त्या शहराने रमाबाईंना काय दिले, या प्रश्नाचे मराठी चरित्रलेखनातील उत्तर जवळजवळ ठरून गेले आहे : ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या दोन पदव्या. वीस वर्षांची एक महाराष्ट्रीय ब्राह्मण तरुणी विद्वानांच्या सभेत संस्कृतात बोलते आणि सभा दिपून जाते, हे दृश्य इतके चित्तवेधक आहे की त्याच मुक्कामात तिच्या हाती आलेल्या दोन ग्रंथांकडे लक्ष जात नाही. त्यांपैकी एक होता बायबलचा संस्कृत अनुवाद. शहरातील ख्रिस्ती मंडळींनी एका मेळाव्यात तो या भावंडांना भेट दिला. दुसरा ग्रंथ वेदांपैकी एक होता आणि तो केशवचंद्र सेन यांनी दिला. वेद वाचले आहेत का, असे त्यांनी विचारले. स्त्रियांना तो अधिकार नाही, असे रमाबाईंनी सांगितले. तेव्हा वाचण्याचा आग्रह करून त्यांनी ग्रंथच हाती ठेवला. हा वृत्तांत रमाबाईंनी स्वतः ‘अ टेस्टिमनी’ या 1907 च्या इंग्रजी आत्मनिवेदनात दिला आहे. रमाबाईंच्या ख्रिस्ती शिष्यत्वाचा आणि पुढे त्यांनी केलेल्या मराठी बायबलचा विचार पदव्यांपासून नव्हे, तर या दोन ग्रंथांपासून सुरू करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

संस्कृत बायबल त्यांना वाचवले नाही. त्यांना संस्कृत येत नव्हते असे थोडेच! भागवत ज्यांच्या जिभेवर होते, त्यांना त्या संस्कृताची घडण आणि आशय दोन्ही इतके परके वाटले की, ते वाचणे म्हणजे कालापव्यय, असे त्यांचे मत झाले. पुस्तक मात्र त्यांनी टाकून दिले नाही. येथे स्थळाचा संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. बायबल भारतीय भाषांत आणण्याचा मोठा उद्योग याच परिसरात, हुगळीच्या काठी श्रीरामपूरला, विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उभारला होता. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण 1805 साली प्रसिद्ध केले, त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले गेले आणि 1811 साली संपूर्ण नवा करार निघाला. म्हणजे मराठी मुद्रित शुभवर्तमानाचे जन्मस्थान पुणे-मुंबई नसून बंगाल आहे. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी या ग्रंथांची नोंद ‘मिशनरी मराठी’ म्हणून घेतली आणि बहुधा तेथेच विषय संपवला. ती भाषा कृत्रिम आहे, वाक्यरचना परकी आहे, हा आक्षेप पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु धर्मग्रंथाच्या भाषेची कसोटी एका बैठकीत वाचणाऱ्या टीकाकाराच्या हाती असते की रोज चार ओळी वाचणाऱ्या माणसाच्या, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. रमाबाईंचे उदाहरण तो विचारायला लावते.

त्यांच्या बालपणाकडे या दृष्टीने पाहावे. अनंतशास्त्र्यांचे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत होते आणि पुराणवाचन हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. देवळात किंवा नदीकाठी बसून पोथी वाचायची, श्रोत्यांनी दक्षिणा ठेवायची. श्रोत्याला संस्कृत कळते की नाही याला महत्त्व नव्हते; कानावर पडल्याने पुण्य लागते, ही दोन्ही पक्षांची धारणा होती. रमाबाईंनी उत्तरायुष्यात या व्यवहाराचे वर्णन बऱ्याच कडवटपणे केले आहे. त्या कडवटपणामागे केवळ धर्मांतरिताचा त्वेष पाहणे अन्यायाचे होईल. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पुण्याचा साठा उपयोगी पडला नाही, हा अनुभव त्याच्या मुळाशी आहे. अर्थ न कळता होणारे श्रवण त्यांनी पोटासाठी केलेले होते. अशा स्त्रीच्या हाती कोलकात्यात आणखी एक संस्कृत पोथी पडली, फक्त देव निराळा होता. ती त्यांना बोलली नाही यात नवल नाही.

त्या मेळाव्याविषयीची आणखी एक आठवण रमाबाई सांगतात. प्रार्थनेच्या वेळी मंडळी आपापल्या खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून बसली, तेव्हा ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या भावंडांना वाटले. प्रसंग विनोदी आहे. पण तो जवळजवळ तीस वर्षांनंतर आणि प्रामुख्याने ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिला गेला आहे, याचे भान ठेवायला हवे. उत्तरकालीन श्रद्धेच्या उजेडात पूर्वायुष्य मांडून घेण्याची जी खोड सर्वच धर्मांतर-कथनांत असते, तिच्यातून ‘अ टेस्टिमनी’ही सुटलेले नाही. बाबा पदमनजींनी आपले ‘अरुणोदय’ (1884) मराठीत लिहिले. रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत दिली, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. जिने मराठी स्त्रियांसाठी अखंड बायबल मराठीत आणले, तिची स्वतःची कथा मात्र आपल्याला मराठीत अनुवादानेच वाचावी लागते.

वाचन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते सिल्चरला. 1880 मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चरच्या घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती कोठून आली हे त्यांनाही आठवत नव्हते. संस्कृतातील संपूर्ण बायबल जे करू शकले नाही, ते बंगालीतील या चोपडीने केले. बंगाली ही त्यांची जन्मभाषा नव्हती, तरी ती त्यांच्या त्या काळच्या संसाराची भाषा होती. बाजार, स्वयंपाकघर आणि नवऱ्याशी होणारे बोलणे त्या भाषेत चालले होते. धर्मवचनाने आपल्याला गाठायचे तर ते आपण दिवसभर बोलतो त्या भाषेत गाठते, हा पाठ रमाबाई येथे शिकल्या असाव्यात. त्यांनी तो कोठे सिद्धान्तरूपाने मांडलेला नाही. परंतु नंतरचे अनुवादकार्य याच पाठाचा विस्तार आहे.

ते शुभवर्तमान लूकचे असावे, हा योगायोग असला तरी समीक्षकाने त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. आपला वधस्तंभ उचलून माझ्या मागे या, ही आज्ञा मत्तय, मार्क आणि लूक या तिघांतही आहे. ‘दररोज’ हा शब्द मात्र एकट्या लूकने घातला आहे. मत्तय आणि मार्क यांच्यात जे एकदाच करावयाचे समर्पण वाटते, ते लूकमध्ये नित्यकर्म होते. उपवासकाळात (लेंटमध्ये) वाचनाचा जो क्रम कॅथलिक उपासनेत 1969 च्या सुधारणेनंतर रूढ झाला, त्यात राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच दिवशी, गुरुवारी, लूकमधील हाच उतारा येतो. चाळीस दिवसांच्या साधनेचे दार ‘दररोज’ या शब्दाने उघडावे, ही योजना मोठी अर्थपूर्ण आहे. रमाबाई असा वाचनक्रम पाळीत होत्या असे येथे म्हणायचे नाही. त्यांच्या वेळी हा क्रम नव्हता आणि पंथीय चौकटींशी त्यांचे सख्यही बेताचेच होते. तो आपल्या वाचनाची चौकट म्हणून घेतला आहे.

मराठी वाचकाला उपवासकाळ समजावून सांगताना चातुर्मासाचे उदाहरण हटकून दिले जाते. व्रत, नियम, आहारातील संयम हे साम्य उघड आहे. पण ग्रंथवाचनाच्या बाबतीत तुलना करायची तर ती पारायणाशी करायला हवी. गुरुचरित्राचा सप्ताह असो वा ज्ञानेश्वरीचे पारायण, तेथे ग्रंथ ठरावीक दिवसांत पुरा करण्याला महत्त्व असते. उपवासकाळातील नित्यवाचनात पुरे करायचे असे काही नसते. दिवसाचा उतारा दहा-वीस ओळींचा, तो वाचून त्याच्यापाशी थांबायचे आणि त्या उजेडात आपली वागणूक तपासायची. पारायण करणाऱ्यांतही असे थांबणारे असतात आणि रोजचा उतारा यंत्रवत उरकणारे ख्रिस्ती लोकही कमी नसतात, हे कबूल केले तरी दोन पद्धतींचा कल वेगळा राहतो. म्हणून या वाचनाला प्रवाही भाषेपेक्षा अडवणारी भाषा काही वेळा अधिक मानवते.

‘शिष्य’ हा शब्दही असाच अडवणारा आहे. ग्रीक नव्या करारातील मूळ शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. आपला ‘शिष्य’ शास् धातूपासून आलेला, म्हणजे ज्याला शिकवायचे, ज्याच्यावर शासन करायचे तो. एका शब्दात शिकणाऱ्याची क्रिया पुढे आहे, दुसऱ्यात गुरूची सत्ता. मराठी बायबलने ‘शिष्य’ स्वीकारला, तेव्हा त्याच्याबरोबर गुरुसेवा, गुरूची आज्ञा, गुरुपरंपरा हे सारे आत आले. देहधारी गुरू समोर नसताना ही जागा कोणी घ्यायची? धर्मगुरूने, मंडळीने की ग्रंथाने? 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, तो वरवर पाहता त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी आहे. त्याचा गाभा हा प्रश्न आहे. भटभिक्षुकांच्या सत्तेतून इतक्या कष्टाने बाहेर पडल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा त्या भगिनींना उद्धटपणाचा वाटला. आजही काही अभ्यासक त्यात केवळ राष्ट्राभिमान किंवा केवळ स्त्रीवाद पाहतात. दोन्ही त्यात आहेत. पण सर्वांत ठळक आहे ती शिकणारीची भूमिका : मी वाचेन, पडताळीन, मग मानेन. मूळ ग्रीक अर्थाने ही बाई शिष्या होती, संस्कृत अर्थाने नव्हती.

त्यांना ख्रिस्ताची ओळख पटवणारा उतारा म्हणून त्या योहानाचा चौथा अध्याय सांगतात : विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी येशूचे संभाषण. जुन्या रोमन उपासनेत हा उतारा उपवासकाळातील तिसऱ्या रविवारानंतरच्या शुक्रवारी वाचला जाई. आज तीन वर्षांच्या चक्रातील पहिल्या वर्षी तिसऱ्या रविवारी वाचला जातो आणि बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याला विशेष स्थान आहे. परजातीची, बदनाम झालेली स्त्री. तिच्याजवळ पाणी मागणारा ज्यू पुरुष. मग विटाळ, पाणी, नवरे आणि अखेर उपासनेचे खरे ठिकाण, असा हा संवाद उलगडत जातो. ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत, हे त्याचे उत्तर तीर्थामागून तीर्थ पायांखाली घातलेल्या रमाबाईंना कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करता येते. शिवाय, शास्त्र ऐकण्याचा अधिकार स्त्रीला नाही हे त्यांनी ज्या कोलकात्यात केशवचंद्रांना सांगितले होते, तेथेच पडदानशीन स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्र अभ्यासताना स्त्रियांविषयीच्या वचनांनी त्यांचे मन विटले होते. येथे मात्र सर्वांत गहन वचन एका स्त्रीलाच सांगितले जाते, तेही मध्यान्ही, पाणवठ्यावर.

तरीही हा प्रवास एका उताऱ्याने संपला नाही. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. धर्मांतराला एकाच तारखेत बसवू पाहणाऱ्या चरित्रकारांची येथे पंचाईत होते. ‘दररोज’ हा लूकचा शब्द लक्षात ठेवणाऱ्याची होऊ नये.

मुक्तीसदनात, केडगावला, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते छापण्याचे कामही तेथल्या स्त्रियांनी केले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असणारे शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी मराठी वापरायची, त्याच वेळी मुळातील शब्दाला चिकटून राहायचे, असा त्यांचा दुहेरी आग्रह होता. हे दोन आग्रह एकमेकांशी भांडतात. सोपेपणा वाक्याला बोलीकडे ओढतो, शब्दनिष्ठा त्याला हिब्रूकडे. कित्येकदा वाक्य मध्येच अवघडून बसते. बायबल सोसायटीच्या आवृत्तीची जागा हा अनुवाद घेऊ शकला नाही, त्याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण असे की, मराठी ख्रिस्ती भक्तीचा कान तोवर नारायण वामन टिळकांनी घडवला होता. टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि संतांची भाषा बरोबर घेऊन आले. त्यांचा ख्रिस्त अभंगातून गाता येतो. रमाबाईंनी ती वाट जाणूनबुजून सोडली. माझ्या मते त्यात त्यांचे नुकसान झाले. पोथीच्या नादमाधुर्यावरचा त्यांचा राग इतका खोल होता की, अर्थ समजून गाणाऱ्या वारकरी बाईचा कान त्यांनी हिशेबात धरला नाही.

परंतु हा अनुवाद सलग न वाचता शुभवर्तमानांतील एकेक उतारा घेऊन, मोठ्याने, थांबत वाचला तर त्याचे अवघडणे वेगळे भासू लागते. जेथे वाक्य अडते, तेथे बहुधा मुळातला शब्दही अडवणारा असतो. टिळकांची ओळ आपल्याला पुढे नेते. रमाबाईंचे वाक्य जागच्या जागी धरून ठेवते. योहानाच्या त्याच अध्यायात पुढे शोमरोनी स्त्री आपली घागर विहिरीपाशी टाकून गावात जाते आणि लोकांना घेऊन येते. ते लोक येशूकडे राहण्याचा आग्रह धरतात, तो दोन दिवस राहतो, आणि मग तिला सांगतात की, आता तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकले म्हणून आमचा विश्वास आहे. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या स्त्रियांच्या हातून हे वाक्य एकेक अक्षर करून गेले असणार.