'चॅरिटी' : प्रीती की दानधर्म?

इंग्रजी ग्रंथांच्या आधारे प्रवचन अथवा धर्मशिक्षणाचा पाठ तयार करणाऱ्यांना 'चॅरिटी' हा शब्द वारंवार भेटतो. त्याच्यासमोर 'दानधर्म' असे लिहून पुढे जाण्याची सवय सहज जडते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'कारुस' या विशेषणात आहे. त्याचे अर्थ दोन : महाग आणि प्रिय. त्यावरून झालेले 'कारितास' हे नाम धान्याच्या महागाईलाही लावीत आणि जिव्हाळ्यालाही. लॅटिन नव्या करारात ग्रीक 'आगापे'साठी पुष्कळदा हेच नाम योजिले गेले व फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत 'चॅरिटी' झाले. तेथे भिक्षादान, दुसऱ्याविषयी उदार मत, सेवाभावी संस्था असे अर्थही त्यास येऊन मिळाले.

विल्यम टिंडल याने १५२६ च्या आपल्या भाषांतरात 'चॅरिटी' वगळून 'लव्ह' घातले. सर थॉमस मोर यांनी १५२९ साली आक्षेप घेतला की, 'लव्ह' भलीबुरी कोणतीही असू शकते. 'चॅरिटी' मात्र सत्प्रीतीच होय. टिंडलचे म्हणणे असे की, लोकांच्या बोलीत 'चॅरिटी'चा अर्थ भीक व दया असाही होतो. पुढील काळाने टिंडलची भीती खरी ठरविली. १६११ च्या अधिकृत भाषांतरात योहानाच्या पहिल्या पत्रात देव 'लव्ह' आहे, तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात 'चॅरिटी' आहे. ग्रीक शब्द मात्र दोन्हीकडे एकच. १८८१ च्या सुधारित भाषांतराने तेथेही 'लव्ह' घातले.

'दानधर्म' हा पर्याय त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनापुढे टिकत नाही. सर्वस्व वाटून टाकूनही 'आगापे' नसल्यास लाभ नाही, असे पौल सांगतो. तेथे 'दानधर्म' घातल्यास, सर्वस्व देणाऱ्याने दानच केले नाही, असा विपरीत अर्थ निघेल.

आपल्या भाषेतही असेच घडले आहे. 'धर्म' हा शब्द केवढा व्यापक! पण दाराशी आलेला भिक्षेकरी 'धर्म करा' म्हणतो, तेव्हा त्याला पसाभर धान्यच अभिप्रेत असते. 'चॅरिटी कमिशनर'ला 'धर्मादाय आयुक्त' म्हणणे योग्यच, कारण तेथे प्रश्न विश्वस्त संस्थांच्या नोंदणीचा व हिशेबाचा असतो. वेदीवरून बोलताना ते माप चालणार नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. सद्गुणाचे नावच 'दानधर्म' ठरले, तर तो श्रीमंतांचा मक्ता होतो आणि मंदिरात बसलेला मजूर कायमचा घेणारा ठरतो. वस्तुतः रिकाम्या खिशाचा मनुष्यही शेजाऱ्याला क्षमा करतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. ती पूर्ण अर्थाने 'चॅरिटी' आहे.

म्हणून संस्थेविषयी 'धर्मादाय', भिक्षेविषयी 'दान' आणि विश्वास व आशा यांच्या पंक्तीतील सद्गुणाविषयी 'प्रीती' असा विवेक आपण ठेवावा. दान हे प्रीतीचे फळ आहे. फळाचे नाव झाडाच्या मुळास देऊ नये.