धातू दोन, मोजणी एकाची: लिगंड-प्रतिष्ठापनाच्या टिपणांविषयी

लिगंड-प्रतिष्ठापन, म्हणजे एक लिगंड जाऊन त्याच्या जागी दुसरा येणे, हा भाग बहुतेक टिपणांत एकाच धातूवर शिकवला जातो. निकेल टेट्राकार्बोनिलमधून एक कार्बोनिल सुटतो, १८ इलेक्ट्रॉनांचे १६ होतात आणि मोकळ्या जागी फॉस्फीन येते. इथवर सारे बरोबर आहे. आक्षेप पुढे आहे. दोन भिन्न धातूंचे ऑर्गॅनोमेटॅलिक संकुल आले की एक धातू झाकून दुसऱ्याची मोजणी होते, मग उलट केले जाते आणि विषय संपतो.

कुंभकोणमजवळ दारासुरम् येथे १२व्या शतकातले ऐरावतेश्वर मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात हत्ती आणि बैल यांची धडे दोन, पण डोके एकच आहे. एक धड झाकले की डोके हत्तीचे दिसते, दुसरे झाकले की बैलाचे. आपली मोजणीही अशीच चालते. फरक इतकाच की दगडातले डोके जागचे हलत नाही. संकुलातला कार्बोनिल हलतो.

मँगॅनीज-ऱ्हेनियम डेकाकार्बोनिल घ्या. मँगॅनीजचे ७, पाच कार्बोनिलांचे १० आणि धातू-धातू बंधाचा १, असे १८. ऱ्हेनियमचेही तितकेच. मोजणी जुळली, पण आधी कोणता धातू लिगंड सोडेल हे तिने सांगितले नाही. समजा, मँगॅनीजवरचा कार्बोनिल सुटला. आता ऱ्हेनियमवरचा एक कार्बोनिल दोघांमध्ये पूल बनून मँगॅनीजकडे सरकू शकतो. रिकामी जागा मग ऱ्हेनियमवर येते. म्हणून फॉस्फीन ऱ्हेनियमवर सापडले, एवढ्यावरून कार्बोनिलही तिथूनच सुटला असे लिहिता येत नाही. उत्पादिताची रचना म्हणजे विक्रियेची वाट नव्हे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. धातू-धातू बंध मध्येच तुटतो का, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. डायऱ्हेनियम डेकाकार्बोनिलबाबत स्टोल्झेनबर्ग व म्युटर्टीझ यांनी १९८३ मध्ये तो प्रयोगाने विचारला. ऱ्हेनियम-१८५ आणि ऱ्हेनियम-१८७ या समस्थानिकांची वेगवेगळी संकुले एकत्र तापवून प्रतिष्ठापन घडवले. बंध तुटून रेणूचे अर्धे भाग सुटे झाले असते, तर मिश्र जोड्या दिसायला हव्या होत्या. उष्णतेने झालेल्या विक्रियेत त्या दिसल्या नाहीत.

भिन्न धातूंच्या संकुलात ही खूण जन्मजातच असते. बंध तुटून सुटे भाग पुन्हा जुळले, तर मँगॅनीज-मँगॅनीज आणि ऱ्हेनियम-ऱ्हेनियम अशा जोड्या तयार होतील. त्या न दिसल्यास मात्र घाई करू नका: विद्रावकाच्या वेढ्यातच ते भाग परत जुळले असण्याची शक्यता उरते. शिवाय उष्णता आणि प्रकाश यांची उत्तरे वेगळी असतात. प्रकाशाने हा बंध तुटतो.

पुढच्या वेळी असे संकुल समोर आले की मोजणी जरूर करा, पण तिथे थांबू नका. लिगंड कुठून सुटला, नवा कुठे बसला आणि धातू-धातू बंध टिकला का, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो.