उपचारास नकार आणि निर्णयाचा अधिकार : विनयाच्या दृष्टीतून न्यायालयीन निकालांचा विचार

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ‘लिव्हिंग विल’ ग्राह्य मानले. मनुष्याने शुद्धीत असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयी लिहून ठेवलेली इच्छा, असा त्याचा अर्थ. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील सन्मानाने जगण्याच्या हक्कात या इच्छेला न्यायालयाने स्थान दिले. मराठी वृत्तपत्रांत मात्र या निकालाची चर्चा ‘इच्छामरण’ या शब्दानेच झाली. आमचा पहिला आक्षेप या शब्दावरच आहे. तो भीष्माला मिळालेल्या वराची आठवण घेऊन येतो आणि मरणाची इच्छा हाच जणू प्रश्नाचा गाभा आहे असे भासवितो. निकालाचा विषय तो नाही. बरे होण्याची आशा उरली नसताना यंत्रांच्या आधाराने मरण लांबविण्यास दिलेला नकार, एवढाच तो आहे. ज्या परंपरेने विभवतण्हा ही तृष्णाच मानली, त्या परंपरेच्या अभ्यासकांनी तरी हा भेद पुसू देता कामा नये.

हा भेद विनयपिटकात स्पष्ट दिसतो. तिसऱ्या पाराजिकेच्या विनीतवत्थूंत एक प्रसंग आहे. एका आजारी भिक्खूची अवस्था पाहून सहकाऱ्यांना करुणा आली आणि त्यांनी त्याच्यापुढे मरणाची थोरवी सांगितली. तो भिक्खू मरण पावला. हेतू करुणेचा असूनही तथागतांनी ही आपत्ती पाराजिकच ठरविली. याच पाराजिकेवर भाष्य करताना आचार्य बुद्धघोष ‘समन्तपासादिके’त दुसरी बाजू मांडतात. औषध आणि सेवक उपलब्ध असताना मरणाच्या इच्छेने आहार सोडणे हा दोष आहे. परंतु आजार मोठा व चिवट आहे, जपूनही देह टिकणार नाही आणि सेवा करणारे थकले आहेत, हे ओळखून रुग्णाने आहार व औषध थांबविल्यास ते विहित आहे. दोन्ही स्थळे एकत्र वाचली की नियम उलगडतो : नकार रुग्ण देऊ शकतो, त्याच्या वतीने मरण सुचविण्याचा अधिकार कोणालाही नाही, करुणेच्या नावानेही नाही.

तरीही बुद्धघोषांचे हे स्थळ आज जसेच्या तसे उचलणे आम्हांला धोक्याचे वाटते. सेवकांचा थकवा हे रुग्णाच्या नकाराचे एक कारण म्हणून त्यांनी मान्य केले आहे. भिक्खुसंघात औषधाचा खर्च रुग्णाच्या मुलाबाळांवर पडत नसे. आमच्या वस्त्यांत अतिदक्षता विभागाचे चार दिवसांचे बिल घर गहाण टाकायला लावते. अशा घरातील वृद्ध माता ‘मला आता घरी न्या’ असे म्हणते, तेव्हा तो तिचा नकार असतो की बिलाचा, हे ठरविल्याशिवाय त्या शब्दांना स्वातंत्र्य म्हणता येत नाही. ज्याला उपचार मिळण्याचा हक्क प्रत्यक्षात आहे, त्याच्याच नकाराला अर्थ आहे.

रुग्णाने काहीच सांगून ठेवले नसेल तर बोलावे कोणी? येथे ‘महावग्गा’तील चीवरक्खन्धकाचा आधार महत्त्वाचा आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा नियम मात्र क्वचितच सांगितला जातो. तुम्हांला आईबाप नाहीत, परस्परांची शुश्रूषा तुम्हीच करावयाची, असे सांगून तथागतांनी क्रम लावून दिला : उपज्झाय, आचार्य, सद्धिविहारिक, अन्तेवासिक, समान उपज्झाय वा आचार्य असलेले सहाध्यायी, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघ. पुढे मृत भिक्खूचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यास देण्याची अनुज्ञा दिली. येथे रक्ताचे नाते निर्णायक नाही. सेवा निर्णायक आहे. हा नियम भिक्खूंपुरता आहे हे खरे, पण त्यामागील तत्त्व गृहस्थांनाही लागू पडते.

हेच तत्त्व आपल्या न्यायालयाने एकदा ओळखले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजीच्या अत्याचारानंतर त्याच रुग्णालयात १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ पडून होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेकडे न देता, वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांकडे असल्याचे मानले.

२०१८ च्या निकालात हा धागा क्षीण झाला. इच्छापत्रात ‘पालक किंवा जवळचा नातेवाईक’ यांचे नाव असावे असे ठरले. २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे मानले, वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे सांगितले आणि एकाहून अधिक व्यक्तींची नावे देण्याची मुभा दिली. प्रक्रिया सुलभ झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु शब्द नात्याचेच राहिले. आपल्या घरांत उपट्ठाक असते ती सून, लेक किंवा शेजारीण. कागदावर सही मागितली जाते ती थोरल्या मुलाची. आंतरजातीय विवाहामुळे माहेर तुटलेल्या स्त्रीने, एकट्या राहणाऱ्या कार्यकर्त्याने, विहारातील भिक्खूने कोणाला ‘जवळचा’ म्हणावे? जिने वा ज्याने सेवा केली त्याचे नाव रुग्णाने निःसंकोच लिहावे, असे स्पष्ट शब्द या नियमांत यावयास हवे होते.

इच्छापत्राचा आणखी एक उपयोग कायद्याच्या चर्चेत मागे पडतो. चुन्दाच्या भोजनानंतर आजार बळावला, तेव्हा तथागतांनी आनंदाला आधीच सांगून ठेवले की चुन्दाच्या मनात पश्चात्ताप राहू देऊ नका. ते दान महाफलदायी होते. मागे राहणाऱ्याच्या माथी दोष येऊ नये म्हणून जाणाऱ्याने वेळेवर बोलावे, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. व्हेंटिलेटर काढण्यास संमती देणारी लेक ‘मीच आईला मारले’ हा विचार जन्मभर वाहते. आईचे चार स्पष्ट शब्द तिला त्यातून सोडवू शकतात. विहारांतून वर्षावासाच्या प्रवचनांत मरणानुस्सती सांगितली जाते. तिच्या जोडीला हा विषयही यावा, उपासक-उपासिकांनी शुद्धीत असतानाच आपले म्हणणे घरात बोलून दाखवावे, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे आणि सेवा करणाऱ्यास त्यात स्थान द्यावे, असे आम्ही सुचवितो.