वरचे आणि खालचे

माणसाची पायरी डोंगराच्या उंचीवरून ओळखावी, अशी काही स्थळे या जगात आहेत. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातील असेच एक स्थळ उर्सुला मायर यांच्या 'लांफां दां ओ' (२०१२) या फ्रेंच चित्रपटात आम्हांस भेटले. शीर्षकाचा अर्थ 'वरचे मूल'. इंग्रजीत तो 'सिस्टर' या नावाने प्रदर्शित झाला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला विशेष रौप्य अस्वल पुरस्कार लाभला.

वर शुभ्र बर्फ आणि पायांना स्की बांधून उतारावरून घसरणारे सुखवस्तू पाहुणे. खाली चिखल, हमरस्ता आणि एकच उंच इमारत. त्या इमारतीतला बारा वर्षांचा सिमोन रोपवेने वर जातो, स्की, गॉगल, हातमोजे, इतकेच नव्हे तर पाहुण्यांच्या पिशव्यांतील खाऊही चोरतो आणि माल खाली आणून विकतो. त्यावर त्याचे व लुईझचे घर चालते. जगापुढे ती त्याची बहीण; वस्तुतः ती त्याची आई आहे.

वर त्याला सहसा कोणी हटकत नाही, कारण अंगावर तोच पोशाख असतो. चित्रपटाचे मर्म आम्हांस येथे दिसते. वरच्यांचे वरचेपण क्रीडाकौशल्यात नाही, साहित्याच्या किमतीत आहे. आणि त्या किमती सिमोनला तोंडपाठ आहेत. इतरांची मुले जेथे खेळतात, तेथे हे मूल कामावर जाते.

वास्तविक स्की हे मुळात गरिबाचे पादत्राण. नॉर्वेतील शेतकरी हिवाळ्यात त्यावरूनच ये-जा करीत. एकोणिसाव्या शतकात त्याला खेळाचे रूप देणाऱ्यांत अग्रणी असलेला सोंद्रे नोरहाइम हा गरीब कुळाचा मुलगा; १८८४ साली तोही अमेरिकेला निघून गेला. पुढे आल्प्समध्ये हॉटेले आली, रोपवे आले आणि उताराला तिकीट लागले.

चित्रपटात एक उणीव आहे. सिमोन जिच्याकडे ओढला जातो, ती श्रीमंत इंग्रज स्त्री (जिलियन अँडरसन) शेवटपर्यंत दुरूनच दिसते. तिचे अंतरंग उलगडले असते, तर वरच्यांविषयीचा आमचा निवाडा इतका सोपा झाला नसता.

तथापि एका प्रसंगापुढे ही उणीव फिकी पडते. एका रात्री सिमोन लुईझला पैसे देतो. कशासाठी, तर तिच्या कुशीत झोपू देण्यासाठी! सर्व काही विकत मिळते, हे वर शिकलेला मुलगा अखेर आईची कूसही विकत घेतो. विषमता केवळ खेळाच्या मैदानावर थांबत नाही, ती घरातल्या अंथरुणापर्यंत पोहोचते, हे दिग्दर्शिकेने एकही उपदेश न करता दाखविले आहे. चोरीचे समर्थन ती करीत नाही. चोराचे वय मात्र विसरू देत नाही.

जाणत्या मुलांसह पालकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा आणि नंतर घरी त्यावर बोलावे, असे आम्ही सुचवितो.