असईची माती कुठल्या रंगाची?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, खेळण्यातल्या सैनिकांवर कसलं आलंय समीक्षेचं व्याख्यान! पण ज्या कामावर माणसं वर्षानुवर्षं रात्री घालवतात, त्या कामाची चिकित्सा व्हायलाच हवी. नुसतं 'वा, छान' म्हणणं हा त्या कामाचा अपमान आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळतात, फासे आणि मोजपट्टी घेऊन. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा खेळाचे नियम लिहिले होते. आज बरेच जण 28 मिलिमीटर उंचीचे, धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक वापरतात. आधी प्रायमर, मग मूळ रंग. त्यावर पातळ गडद रंगाचा हात, म्हणजे घड्यांमध्ये सावली बसते. शेवटी उंचवट्यांवर उजळ रंग. आणि सगळ्यात शेवटी बेस, म्हणजे सैनिक ज्या चकतीवर उभा असतो ती. तिच्यावर गोंद, वाळू, रंग आणि वर कृत्रिम गवत.

आता पडद्यावर बघा. असईच्या लढाईची ही मांडणी आहे. करणाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्या एकट्याची नाही. काम उत्तम आहे. लाल डगल्याच्या कॉलरचा रंग, छातीवरचे पांढरे पट्टे, सगळं पलटणीप्रमाणे वेगळं. यामागे पुस्तकं वाचलेली दिसतात. आता नजर खाली न्या. जमीन पिवळी, वाळूची, मधूनमधून वाळक्या गवताचे पुंजके. राजस्थानात शोभेल अशी!

असई कुठे आहे? जालना जिल्ह्यात. लढाई कधी झाली? 23 सप्टेंबर 1803. पावसाळा सरत आलेला. काळी कसदार जमीन, ओली असेल तर पायाला किलोभर चिकटणारी. खरिपाचं पीक उभं असण्याचा हा महिना. यातलं काय दिसतंय त्या चकतीवर? काहीच नाही. 'इंडिया' म्हटलं की ऊन, ऊन म्हटलं की वाळू, झालं.

तुम्ही म्हणाल, चकतीच्या रंगानं एवढं काय बिघडतं? इथे बिघडतं. कारण असईची लढाई जमिनीनंच ठरवली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती झाली. पलीकडे जायला उतार नाही, असं वेलस्लीला सांगण्यात आलं होतं. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि त्यानं ताडलं, दोन्ही गावांत येणंजाणं असणार, म्हणजे उतार असणारच. तसाच तो निघाला. पुढे आयुष्यात वॉटर्लू जिंकलेल्या माणसानं ही लढाई मोठी मानली. आणि आपण तीच जमीन पाकिटातून काढून चिकटवतो!

समोर दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि शंभराच्या आसपास तोफा. त्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून तोफा डागू लागले. वेलस्लीच्या बाजूला मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584. जवळजवळ एकतृतीयांश फौज. असई गावाकडे भलतीच सरकलेली 74 वी पलटण तर तिथे जवळपास संपलीच.

त्यामुळे दुसरी तक्रार माणसांच्या रंगाबद्दल. वेलस्लीच्या फौजेत 74 वी आणि 78 वी या गोऱ्या पलटणी आणि 19 वी लाइट ड्रगून्स होती. बाकीचे बहुतेक मद्रासकडचे हिंदी शिपाई. म्हणजे दोन्ही बाजूंना जास्त माणसं आपलीच. मग रंगवताना काय होतं? गोऱ्या चेहऱ्याला तीन छटा, गालावर लाली, ओठही. आणि हिंदी चेहऱ्याला एकच तपकिरी, शेकडो डोक्यांना तोच. डगल्याला इतिहास आहे, चेहऱ्याला नाही. यात द्वेष असतो असं मी म्हणत नाही. आळस असतो, आणि तो कुणाच्या वाट्याला येतो ते बघायचं.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. रंगवणारे म्हणतात, काळ्या जमिनीवर काळसर बूट, गडद पाय बुडून जातात. हातभर अंतरावरून काही दिसत नाही. फिकी जमीन चित्र उठावदार करते. हे खरं आहे, थापा नाहीत. पण उपाय जमिनीतच आहे. काळ्या मातीवर राखाडी कोरडा ब्रश फिरवा, ढेकळांच्या कडा उठतील. चाकाच्या खाचेत वार्निशचं डबकं करा. बाजूला हिरवं दाट गवत लावा. लाल डगला हिरव्यावर जसा उठतो तसा पिवळ्यावर कधीच नाही. म्हणजे खरं रंगवलं तर देखणंही होतं.

आपल्याकडची पोरं हे केव्हापासून करतायत! दिवाळीत किल्ला करताना माती अंगणातलीच असते, हिरवळ अळीव पेरून उगवलेली. मावळ्याचा रंग बाजारातला, ओबडधोबड. पण तो ज्या मातीवर उभा असतो ती खरी. टेबलावरच्या या देखण्या कामात नेमकं उलटं झालंय. माणूस अभ्यासातून आला आणि जमीन सवयीतून.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पुढची पलटण रंगवायला घ्याल तेव्हा डगल्याच्या बाह्यांसाठी जितकी पानं चाळता, त्याच्या निम्मी तरी त्या गावासाठी चाळा. महिना कोणता, माती कोणती, शेतात काय उभं होतं. आणि तुमच्यापैकी कुणी मराठवाड्यातले असाल तर एवढंही नको. सप्टेंबरात गावी जा, मूठभर माती आणा, वाळवा, चाळून घ्या आणि गोंदावर टाका. त्या मातीत तिथे पडलेल्या माणसांचाही वाटा आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.