एका गाण्याचा पाहुणा

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाने आपली पन्नाशी साजरी केली ती लंडनच्या ओटू अरीनात, २५ आणि २९ नोव्हेंबर २०१२ या दोन रात्री. तिकिटांचे भाव असे, की वर्तमानपत्रांनी त्यावरच आधी रकाने भरले. या कार्यक्रमांसाठी दोन जुने सभासद परत आले. बास गिटारवादक बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडला होता. लीड गिटारवादक मिक टेलर डिसेंबर १९७४ मध्ये. वायमनला दोन गाणी मिळाली, टेलरला एक. वायमनने आपली नाराजी उघड बोलून दाखवली आणि पुढे अमेरिकेला यायला नकार दिला. टेलर मात्र गेला. २०१३ आणि २०१४ च्या दौऱ्यांत तो रोज विंगेत थांबे, आपले गाणे आले की मंचावर येई, वाजवी आणि परत जाई.

तेव्हापासून स्टोन्सच्या चाहत्यांत जो वाद सुरू झाला तो आजही शमलेला नाही. एका बाजूचे म्हणणे असे, की ज्याच्या बोटांमुळे या वृंदाची सर्वांत चांगली पाच वर्षे घडली त्याला बारा मिनिटे देणे हा अपमान आहे. दुसरी बाजू विचारते, त्याला घालवले कोणी? तो स्वतः गेला. त्याच्या जागी रॉनी वुड १९७५ पासून इमानेइतबारे उभा आहे. टेलरला चार गाणी द्यायची तर वुडने काय टाळ्या वाजवायच्या? दोन्ही बाजू हिरीरीने गाणी मोजतात. कोणत्या शहरात एक, कोणत्या शहरात दोन, कुठे ‘स्वे’ मिळाले, कुठे ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’. मला ही मोजणीच वादाला आडवाटेला नेणारी वाटते. किती दिले यापेक्षा काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहावे.

जे एक गाणे त्याला नेमाने मिळाले ते ‘मिडनाइट रॅम्बलर’. १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’ या अल्बममधले हे गाणे. पण त्या मूळ मुद्रणात टेलर नाही. तेथली सगळी गिटार कीथ रिचर्ड्सची आहे. टेलर वृंदात आला जून १९६९ मध्ये, वीस वर्षांचा असताना, जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समधून. आणि त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला ५ जुलैला हाइड पार्कमध्ये, ब्रायन जोन्सच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी. अल्बममधली बरीच गाणी तोवर तयार झाली होती. मग हेच गाणे त्याचे कसे?

याचे उत्तर ‘गेट यर या-याज आउट’ या १९७० च्या थेट मुद्रणात आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे गाणे नऊ मिनिटांपर्यंत वाढले. हेडफोन लावून ऐकले तर दोन गिटारी दोन कानांत वेगळ्या सापडतात. रिचर्ड्स ठेका धरून ठेवतो, सोडतो, पुन्हा पकडतो. टेलर त्या ठेक्याच्या भेगांतून लांब, ताणलेले स्वर काढतो. मधल्या संथ भागात तर गाणे जवळजवळ थांबते आणि मिक जॅगरच्या आवाजाला गिटार उत्तर देऊ लागते. थोडक्यात, मुद्रणशाळेत हे गाणे टेलरशिवाय जन्मले, पण मंचावर त्याच्या संगतीत वयात आले. त्यामुळे निवड चुकली असे म्हणता येणार नाही. उलट निवडणाऱ्याचा कान तयार होता. या गाण्याची बांधणीच अशी, की आत येणाऱ्याला जागा मिळते. २०१२-१३ मधली याची मुद्रणे मी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. टेलर आला की रिचर्ड्स आणि वुड दोघेही मागे सरतात, चार्ली वॉट्सचे ड्रम्स जरा रुंदावतात, आणि त्या बारा मिनिटांपुरता हा वृंद वेगळ्याच चालीचा होतो.

‘वेगळ्या चालीचा’ म्हणजे काय, ते थोडे सांगावे लागेल. कारण वादाचे खरे मूळ येथे आहे. रिचर्ड्सला दोन गिटारींचे नाते विणकामासारखे हवे असते. कोणता धागा कोणाचा हे कळू नये, मुख्य आणि साथीचा असा भेद उरू नये. ब्रायन जोन्सबरोबर सुरुवातीला ते जमले, वुडबरोबर पुन्हा जमले. टेलरबरोबर जमले नाही, कारण टेलर विणकर नव्हताच; तो एकल वादक होता. त्याने वाजवायला घेतले की रिचर्ड्स आपोआप साथीदार व्हायचा. ‘लाइफ’ (२०१०) या आत्मचरित्रात रिचर्ड्स टेलरच्या वादनाची मनापासून वाखाणणी करतो, आणि मला ती खोटी वाटत नाही. पण साथीदार होऊन केलेली वाखाणणी आणि शेजारी रोज उभे करणे यांत अंतर आहे. संगीताच्या बैठकी ऐकलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ‘एकच गाणे’ ही तक्रार मला फारशी पटत नाही. मला खटकते ते दुसरेच.

पहिल्या रात्रीची गाण्यांची यादी समोर घ्या. तीत ‘ऑल डाउन द लाइन’ आहे. १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’वरच्या या गाण्यातली स्लाइड गिटार टेलरची आहे, गाण्याला धार येते ती तिच्यामुळे. त्या रात्री तो इमारतीत असूनही ते त्याच्याविना झाले. त्याच अल्बममधले ‘टम्बलिंग डाइस’ घ्या. त्याच्या मूळ मुद्रणात वायमन नव्हता, बास टेलरने वाजवला आहे. तेही दोघांविना झाले. पण सर्वांत बोलके उदाहरण ‘हॉन्की टॉन्क विमेन’चे. जुलै १९६९ ची ही तबकडी म्हणजे स्टोन्सचा वादक म्हणून टेलरची जगाला झालेली पहिली ओळख. जॅगर, रिचर्ड्स, वॉट्स, वायमन, टेलर हे पाचही जण तिच्यावर आहेत, आणि नोव्हेंबर २०१२ च्या त्या दोन्ही रात्री हे पाचही जण हयात आणि एकाच छपराखाली होते. गाण्यासाठी वायमनला बोलावले. टेलरला नाही. पन्नाशीच्या सोहळ्यात असा योग चालून आला असताना तो कोणाला सुचू नये? सुचला असेल आणि टाळला असेल, तर ते अधिकच अर्थपूर्ण.

त्याच रात्री जेफ बेकही एका गाण्यापुरता आला होता, दुसऱ्या रात्री एरिक क्लॅप्टन. दोघेही थोर वादक, पण या वृंदाचे सभासद कधीच नव्हते. टेलरला त्यांच्याच पंगतीला बसवले गेले. अपमान शोधायचाच असेल तर तो येथे आहे. घरच्या माणसाला पाहुण्यांच्या पानावर वाढले. वाढले भरपूर, हेही खरे.

आणखी एक बाब. २०१३ मध्ये शेवटच्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी टेलर पुन्हा मंचावर येई, तो अकूस्टिक गिटार घेऊन. दोन इलेक्ट्रिक गिटारी, पितळी वाद्ये आणि हजारोंच्या कोलाहलात ती कोणाला ऐकू येणार? जुलै २०१३ च्या हाइड पार्क कार्यक्रमाच्या चित्रपटात तो दिसतो. ऐकू येण्यासाठी कान ताणावे लागतात. गाणेही १९६५ चे, त्याच्या काळाच्या आधीचे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्या बागेत त्याने सुरुवात केली, तेथे त्याला समूहचित्रात उभे राहण्याचे काम मिळाले. गाणी मोजणारे याला ‘दुसरे गाणे’ म्हणून जमेस धरतात. मी धरत नाही.

वुडची बाजू घेणाऱ्यांना मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वुडला या वृंदात बरीच वर्षे पगारी वादक म्हणून काढावी लागली. वायमन गेल्यावर, नव्वदच्या दशकातच, तो बरोबरीचा भागीदार झाला. ७ एप्रिल २००३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये स्टोन्स वाजले तेव्हा आपल्याकडच्या श्रोत्यांनी ऐकला तो वुडच, आणि त्या पिढीसाठी स्टोन्सची दुसरी गिटार म्हणजे तोच. त्याला हलवून टेलरला बसवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण जागेचा प्रश्न सुटला तरी नावाचा उरतोच. पाच वर्षांत टेलरच्या नावावर सहरचनाकार म्हणून एकच गाणे आहे, ‘व्हेंटिलेटर ब्लूज’. ‘मूनलाइट माइल’ आणि ‘स्वे’ ज्या सत्रांत घडली तेथे रिचर्ड्सची गिटार नाही. जॅगर आणि टेलर यांनीच ती उभी केली. आपला रचनेतला वाटा नोंदला गेला नाही, ही तक्रार टेलरने पुढे मुलाखतींतून अनेकदा केली. श्रेयाच्या ओळीत मात्र जॅगर-रिचर्ड्स. ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’चे तसेच. पहिल्या पावणेतीन मिनिटांत गाणे संपते. टेप चालू राहते, आधी बॉबी कीजचा सॅक्सोफोन आणि मग टेलरची गिटार उरलेली साडेचार मिनिटे उभी करतात. त्या साडेचार मिनिटांना कायद्याच्या भाषेत रचना म्हणत नाहीत, वादन म्हणतात. रॉक संगीतातला हा भेद कितपत न्याय्य, यावर स्वतंत्र लेख होईल. २०१२ मध्ये किती गाणी द्यायची हा प्रश्न मला या जुन्या हिशेबाची पुरवणी वाटतो. १९७४ पर्यंत ज्याचे वादन हे निव्वळ वादनच मानले, त्याला अडतीस वर्षांनी वादक-पाहुणा म्हणूनच बोलावले. भूमिका बदलली नव्हती, तिची लांबी कमी झाली होती.

२०१४ नंतर तो दौऱ्यांवर दिसला नाही. पुढल्याच वर्षी ‘स्टिकी फिंगर्स’ नव्याने प्रसिद्ध होत होता. त्या निमित्ताने २० मे २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोंडा थिएटरमध्ये, जेमतेम हजार-दीड हजार श्रोत्यांसमोर, स्टोन्सने हा अल्बम सबंध वाजवला. त्यात ‘स्वे’ होते, ‘मूनलाइट माइल’ होते, ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’ होते. शेवटची गिटार वुडने वाजवली, आणि चांगली वाजवली. २०१७ मध्ये ती मैफल बाजारात आली. टेलरचे नाव त्या रात्रीच्या वादकांत नाही.